स्विस साहेबाचा सेमसाइड गोल

मी आयुष्यात पुष्कळांचा हेवा केला आहे. पण अगदी मन लावून, सकाळ-संध्याकाळ नेमाने हेवा केला तो एकाच माणसाचा, आमच्या स्विस साहेबाचा. कुवेतमध्ये तेव्हा अजून रुपया चालायचा आणि मी कंपनीच्या टाइम-ऑफिसात कारकून होतो. कारकुनी पोटासाठी, माझी खरी ओळख म्हणजे कंपनीच्या फुटबॉल टीमचा मॅनेजर. टीममध्ये बहुतेक रत्नागिरीकडचे मुसलमान गडी, निम्मे अनवाणी, आणि मैदान म्हणजे तेल शिंपडून रोलर फिरवलेली वाळू. मी जन्मात चेंडूला पाय लावला नव्हता, तरी अकरा नावांची यादी मी काढत असे आणि सगळे मला ‘मॅनेजरसाब’ म्हणत. मग समुद्राचं पाणी गोडं करायच्या कारखान्यावर हा इंजिनिअर आला. कळलं, की हा स्वित्झर्लंडमध्ये दहा वर्षं फुलबॅक, म्हणजे आपल्या गोलापुढे राखण करणारा गडी, होता आणि नंतर तिथल्या दोन क्लबांचा मॅनेजरही. आठवड्याच्या आत यादी त्याच्याकडे गेली आणि माझ्याकडे मध्यंतरातली लिंबं कापायचं काम आलं.

माणूस विक्षिप्त म्हणजे किती! चेंडूकडे पाठ करायची नाही हे त्याच्या अंगात इतकं मुरलेलं, की तो बोलता बोलता उलटा चालायचा. एकदा मला ऑफसाइड समजावत उलटा चालत मेसमध्ये शिरला आणि थेट माशाच्या कालवणाच्या पातेल्यात बसला. मी पडलो असतो तर महिनाभर हसले असते. त्याच्यासाठी आचाऱ्याने दुसरं कालवण टाकलं. बसमध्ये तो सगळ्यात मागे बसे, रांगेत शेवटी उभा राही. “आगे जानेवाला बहुत,” तो मोडक्या हिंदीत म्हणे, “पीछे घर कौन देखेगा?” हेच वाक्य मी म्हटलं असतं तर कोणी मान वर केली नसती. पण आमचा गोलकीपर, दापोलीकडचा इस्माईल, ते ऐकताना असा बघे, की माझ्या पोटात दुखू लागे. कारण इस्माईलला टीममध्ये मी आणला होता.

शेवटी माझ्या हाती घबाड लागलं. एका इटालियन सर्व्हेअरने सांगितलं, की या थोर फुलबॅकने मोठ्या सामन्यात चेंडू स्वतःच्याच गोलात मारला होता. त्याच्या गावात त्याची तेवढीच एक आठवण शिल्लक आहे. मला इतका आनंद झाला, की मी दुपारी दोनदा चहा प्यायलो. शुक्रवारच्या सामन्यानंतर सगळ्यांसमोर सांगायचं ठरवलं. यादी परत मिळायला तेवढं पुरेसं होतं.

शुक्रवारी आम्ही एका गोलाने हरलो आणि तो गोल सेमसाइड होता. आमच्याच बॅकने मागे दिलेला चेंडू इस्माईलच्या हातून निसटून आत गेला. तो मैदानाच्या कडेच्या भिंतीकडे तोंड करून बसला, पाणीसुद्धा घेईना. मी तोंड उघडणार, तेवढ्यात स्विस साहेब त्याच्या शेजारी वाळूत बसला आणि आपली गोष्ट स्वतःच सांगू लागला. कसा घसरला, स्वतःचाच गोलकीपर शिव्या देत कसा मागे धावला, दोन दिवस आईने वाढलेलं ताट कसं तसंच राहिलं. हातवारे असे, की इस्माईल रडता रडता हसला. माझं घबाड गेलं. वर मला त्या गोलाचाही हेवा वाटला.

पुढे करार संपला, साहेब मायदेशी गेला आणि यादी पुन्हा माझ्याकडे आली. पण आता ती काढताना मजा येईना. पुढच्याच हंगामात एका नव्या बॅकने तसाच गोल केला आणि डोक्यावर टॉवेल घेऊन बसला. मी जवळ गेलो आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “अरे, पुण्याला कॉलेजच्या फायनलला मीसुद्धा असाच...” घसरणं, शिव्या, ताट, सगळं स्विस साहेबाचंच. बोलता बोलता लक्षात आलं, की इस्माईल शेजारीच बूट सोडतो आहे. 

इस्माईलने एकवार माझ्याकडे बघितलं, मग त्या बॅककडे.

“खरा हाय,” तो म्हणाला. “माना म्हाईत हाय ती गोष्ट. सायब दोन दिवस जेवले नव्हते.”

टॉवेल खाली आला. बॅक हसला. मी उरलेली लिंबं गोळा करायच्या निमित्ताने उठलो आणि तोंड फिरवलं. तो उलटा चालणारा माणूस त्या संध्याकाळी मला फार हवा होता.