श्वास द्यायचा का, हे आम्हाला विचारलं तेव्हा

इथे मस्कतला सकाळची शिफ्ट सुटली की खोलीवर येऊन मी आधी फोन लावतो. रोह्याला तेव्हा शाळा सुटून माझी मुलगी आजोळी आलेली असते. फोन दोन-तीनदा वाजून बंद झाला की मी लगेच पुन्हा लावतो. बायको म्हणते, "अवो, अंगणात होते मी. लगेच काय घाबरताय?" तिचं बरोबर आहे. पण ही मुलगी सहाव्या महिन्यातच जन्माला आली. तेव्हापासून माझा जीव असाच आहे.

त्या वेळी मी रोह्याला कंपनीत होतो आणि बायको आमच्या घरी, पेण तालुक्यात, गागोद्याच्या बाजूला. सकाळी तिच्या पोटात दुखायला लागलं. मी कंपनीतून पोचेपर्यंत पेणच्या दवाखान्यात डॉक्टरांनी बाळाच्या फुप्फुसासाठी इंजेक्शन दिलं आणि मोठ्या हॉस्पिटलात हलवा म्हणाले. निघताना मला बाजूला घेऊन सांगितलं, "एवढ्या लवकर आलेली बहुतेक मुलं राहत नाहीत. मनाची तयारी ठेवा." ते आणखीही बरंच बोलले. माझं शिक्षण आठवीपर्यंत. 'बहुतेक राहत नाहीत' एवढंच माझ्या कानात राहिलं आणि सासऱ्यांना फोनवर मी तेवढंच सांगितलं.

सासरे थेट पनवेलला हॉस्पिटलात आले. भाताची शेती करणारा माणूस, बोलणं कमी. दर वर्षी पेरणीआधी ते मूठभर भात ओल्या फडक्यात बांधून ठेवतात आणि तीन-चार दिवसांनी सोडून कोंब मोजतात. कोंब कमी दिसले की त्या बियाण्यासाठी राब, म्हणजे रोपांची जागा, भाजत नाहीत, दुसरं बियाणं बघतात. आमच्याकडे सगळेच तसं करतात.

तिथली लहान मुलांची डॉक्टरीण आमच्याशी बोलायला आली. बायको खाटेवर, आम्ही दोघे उभे. तिने विचारलं, "बाळ जन्मल्यावर स्वतः श्वास घेत नसेल, तर आम्ही नळी घालून श्वास द्यायचा का? की त्रास न देता आईजवळ उबेत ठेवायचं?"

सासरे म्हणाले, "बाई, बहुतेक राहत नाय म्हणतात ना? मग कोंब न येणाऱ्या बियाण्यासाठी राब कशाला भाजायचा? पोरीचे हाल नकोत." त्यांना त्यांच्या पोरीची काळजी होती, हे मला दिसत होतं. मीही मान हलवणार होतो.

तेवढ्यात बायको म्हणाली, "बाबा, तुमी मूठभर दाणे टाकता नि मोजता. माझ्याकडं मूठ हाय का? एकच हाय. त्याचं काय ते सांगा ना."

"तेच सांगतात गो त्या."

"नाय. त्या समद्यांचं सांगतात."

डॉक्टरीण खुर्ची ओढून बसली. "तुमच्या एका बाळाचं मला आधी सांगता येणार नाही," ती म्हणाली. "अशा मुलांपैकी जास्त जातात, हे खरं. काही जगतात, हेही खरं. जगलेल्यांत कुणाला नजरेचा त्रास राहतो, कुणाला चालायला उशीर होतो, कुणी बरी असतात." तिने आकडेही सांगितले. ते मी लिहीत नाही, कारण हॉस्पिटल बदललं की ते बदलतात, असं तीच म्हणाली होती.

बायकोने विचारलं, "श्वास दिला नि बाळाला सोसलं नाय, तर थांबवता येतं?"

"येतं. दर वेळी तुम्हाला विचारून."

"मग द्या."

सासरे माझ्याकडे बघायला लागले. "काय जावय? कंपनीत मशीन बंद करायचं का चालू, ते तरी सांगता ना?"

मी म्हटलं, "मामा, ती म्हणते तसं."

बाळ दुसऱ्या दिवशी दुपारी आलं. आम्ही दोघे दाराबाहेर. आतून रडण्याचा आवाज आला नाही. सासऱ्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. बऱ्याच वेळाने डॉक्टरीण बाहेर आली. "मुलगी आहे. नळी घातलीय. ठोके वाढतायत. पुढचं आत्ता सांगू शकत नाही." पुढचे कितीतरी दिवस तिचं शेवटचं वाक्य तेच असायचं. त्या वाक्याचा मला राग यायचा. तरी कुणी खोटा दिलासा दिला नाही, याचे मी आजही उपकार मानतो. बायको बाळाला छातीशी धरून बसायची आणि मी काचेतून बघायचो.

आता मुलगी पहिलीत आहे. चष्मा जाड आहे, पळताना एक पाय थोडा ओढते, आणि बोलायला लागली की थांबत नाही. मी मात्र कंत्राटावर इथे. तिचा पहिला दात पडला तो मी फोनवर बघितला. केसांना तेल लावल्यावर तिच्या डोक्याचा वास कसा येतो, ते मला आता नीट आठवत नाही.

काल तिने विचारलं, "पप्पा, कधी येणार?"

"सुट्टीचा अर्ज दिलाय. बघू."

"बघू म्हंजे व्हय का नाय?"

मागून सासऱ्यांचं हसू ऐकू आलं. होय म्हणून टाकावं असं फार वाटलं.

"अजून कळलं नाय गो," मी म्हटलं. "कळलं की पहिलं तुलाच सांगीन."

फोन तोंडाच्या अगदी जवळ धरला होता तिने. तिचा श्वास ऐकू येत होता. तो ऐकत मी फोन कानाशी धरून बसलो.