धडधड मंडळाचे मापाडी

रोज सकाळी साडेसहाला रंगनाथअण्णा मोबाईलवरून आम्हा बावीस जणांना दम द्यायचे. "वजन टाका! चहाच्या आदी, लघवीला जाऊन आल्यावर! आन् गोळीचा फोटू पायजे, गुड मॉर्निंगची फुलं नगं!" माझी बायको म्हणायची, एवढं तर सासरेबुवाही तुम्हाला कधी बोलले नव्हते.

अण्णा शेवगावच्या मार्केट यार्डात चाळीस वर्षं मापाडी होते. लोकांची पोती तोलता तोलता त्यांचं हृदय कधी थकलं, ते त्यांनाच कळलं नाही. नगरच्या दवाखान्यात त्यांची खाट माझ्या शेजारी. घरी सोडताना डॉक्टरांनी दोघांनाही बजावलं, रोज वजन करा; दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर अंगात पाणी साठतंय समजा आणि लगेच या. मी निवृत्त ग्रामसेवक, म्हणून सगळ्यांचा भाऊसाहेब. सूचना आली की फाइलला लावायची, एवढंच मला ठाऊक. अण्णांनी मात्र वॉर्डातून निघायच्या आत सगळ्यांचे नंबर घेतले आणि 'धडधड मंडळ' नावाचा ग्रुप काढला.

ग्रुपवर कोणाचीच गय नव्हती. काष्टीच्या शाहीनआपा गोळीचा एकच फोटो रोज पाठवायच्या. अण्णांनी पकडलंच. "आपा, ही माशी तीन दिस गोळीवर बसलीया. तिलाबी हार्टचा तरास हाय का?" शिंगणापूरच्या एका दुकानदाराने वाढल्या वजनाचं खापर साडेसातीवर फोडलं, तर अण्णा म्हणाले, "तेल शनीला वाहा, भाजीत नगं!" तो रुसून ग्रुपमधून बाहेर पडला. अण्णांनी फोन केला, "रुसायचं तर रुसा, पन वजन करून रुसा." दुसऱ्या दिवशी गडी परत आला.

गेल्या उन्हाळ्यात एका नव्या सभासदाला काट्यावर उभं कसं राहायचं ते जमेना. ते दाखवायला अण्णांनी स्वतःच्या पायांचा फोटो टाकला. काटा सत्त्याहत्तर दाखवत होता. दहाच मिनिटांपूर्वी त्यांनी लिहिलं होतं त्र्याहत्तर. आणि पाय भाकरीसारखे टम्म फुगलेले. मी तडक त्यांच्या घरी गेलो.

"अण्णा, चार किलो कुठं गेले?"

"बारदान वजा केलं."

जन्मभर धान्याच्या वजनातून रिकाम्या पोत्याचं वजन वजा केलेला माणूस! आधी पायजम्याचं वजा केलं, मग करदोट्याचं, मग कशाकशाचं ते त्यांनाच माहीत.

"अहो, तुम्ही काय गोणीत राहता?" मी ओरडलो.

अण्णा खाली बघत म्हणाले, "भ्या वाटलं, भाऊसाहेब. बावीस जनांला दम देनारा मी. माझाच काटा वर चाललाय, हे कोन्या तोंडानं सांगू?"

मला रडू येत होतं, म्हणून मी आणखी ओरडलो. हा माणूस गेला तर सकाळी माझी चौकशी कोण करणार, हा माझा स्वार्थ होता, तो कबूल करतो. नगरला नेलं, चार दिवसांत पाणी उतरलं. परत आल्यावर अण्णांनी ग्रुपवर सगळं कबूल केलं. आपांनी उट्टं काढलं, "अण्णा, आता उघड्यानंच वजन करा, पन फोटू टाकू नका!" आठवडाभर आम्ही त्यांना सळो की पळो करून सोडलं.

दिवाळीनंतर एका सकाळी त्यांचा मेसेज आला. "वजन तीन किलो वाढलं. गोळी घेतली. दम लागतोय. भ्या वाटतंय, या."

जवळपासचे आम्ही सात जण मिळेल त्या गाडीने धावलो. अण्णांना नगरला पोचवलं. डॉक्टरांनी शर्थ केली, पण दुपारी अण्णा गेले.

दवाखान्याच्या बोळात आम्ही सात म्हातारे लहान पोरांसारखे हमसून रडत होतो. आवाज ऐकून नर्स धावत आली. ती आम्हाला ओळखत होती. "सगळे हार्टचेच ना तुम्ही? बसा खाली," म्हणत तिने एकेकाचं बीपी मोजायला घेतलं आणि विचारलं, "सकाळची गोळी घेतलीत?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. धावपळीत एकानेही घेतली नव्हती. आम्हा आठांपैकी त्या दिवशी वेळेवर गोळी घेतलेला माणूस एकच होता, आणि त्याला आत पांढऱ्या चादरीत गुंडाळत होते.