रंगाचे डबे तसेच परत आले

गेल्या शनिवारी आमची जी फजिती झाली, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही...

मी पुण्यात एका मोठ्या आयटी कंपनीत आहे. वर्षातून एक दिवस लॅपटॉप मिटून समाजसेवा करायची, असा आमच्याकडे नियम. यंदा मी हट्टाने आमच्या धारूरकडचं एक गाव सुचवलं आणि तिथली जिल्हा परिषदेची शाळा रंगवायचं ठरलं.

मॅनेजर मॅडमना एवढ्या लांब यायचं जिवावर आलं होतं. दिवस फसला असता, तर पुढच्या वर्षी आमच्या भागाचं कुणी नावही काढलं नसतं. त्यामुळे मला आधीपासूनच धाकधूक...

गावात पोहोचलो. रंगाचे डबे, ब्रश, रोलर उतरवले, कंपनीचे टी-शर्ट चढवले... आणि समोर बघतो तर शाळा नवीकोरी! पिस्ता रंगाच्या भिंती, खाली गेरूचा पट्टा, वाससुद्धा अजून ताजा.

शाळा समितीचे अध्यक्ष बप्पा हसत पुढे आले. पुण्याच्या पाहुण्यांना पोपडे निघालेल्या भिंती कशा दाखवायच्या, म्हणून गावाने मिळून शाळा रंगवून टाकली होती. आम्ही रंगवायलाच येणार हे त्यांना ठाऊक होतं, पण पाहुण्यांच्या हातात ब्रश द्यायचा हे काही बप्पांना पटलं नव्हतं.

मग फेटे, शाली, नारळ... सत्कार आटोपेपर्यंत ऊन डोक्यावर आलं. रंगवतानाचे फोटो कंपनीला पाठवायचे होते आणि रंगवायला साधा खांबही शिल्लक नव्हता. मॅडम फेट्याखालून माझ्याकडे अशा बघत होत्या की मी नजरच चुकवली.

चहा देता देता बप्पांनी सहज विचारलं, "तुमी कम्प्युटरवाले ना? मग भिंती कावून रंगवता?"

मॅडमना आधी हसू आलं, मग त्यांनी मुख्याध्यापिका बाईंना विचारलं, शाळेत कम्प्युटर आहेत का. बाईंनी कोपऱ्यातल्या खोलीचं कुलूप काढलं.

जुन्या साड्यांखाली कम्प्युटर ओळीने झाकून ठेवलेले. बरीच वर्षं बंद, पण दसऱ्याची पूजा कधी चुकली नव्हती. प्रत्येकावर हळदीकुंकू, एकावर तर झेंडूची वाळलेली माळसुद्धा...

मग काय, आम्हाला आमचं काम सापडलं. डोक्यावर फेटे तसेच, कुणी धूळ झाडतंय, कुणी उंदरांनी कुरतडलेल्या वायरी बदलतंय. एकजण नव्या वायरी आणायला धारूरच्या बाजारात पळाला. एक-दोन कम्प्युटर काही केल्या उठले नाहीत, पण बाकीचे सुरू झाले. पहिला स्क्रीन उजळला तेव्हा दारात गर्दी केलेल्या शाळेतल्या पोरांनी जो गलका केला, तो ऐकून मला खरंच भरून आलं.

मॅडम पोरांना स्वतःचं नाव टाइप करायला शिकवत बसल्या. परत निघायची आठवण शेवटी मलाच करावी लागली. पुढच्या वर्षी इथेच यायचं, पण ब्रश नको, स्क्रूड्रायव्हर आणायचे, असं त्यांनी तिथेच जाहीर करून टाकलं.

निघताना बप्पांनी मला बाजूला घेतलं. "पुढल्या बारीला आदी सांगा. लई न्हाई, पण थोडं काम शिल्लक ठिवतो."

बप्पा, मनापासून आभार... तुम्ही शाळा रंगवून ठेवली नसती, तर ती खोली आम्ही उघडलीच नसती.