दत्तात्रय गुरुजींची पेटी

पांढुर्ण्याचे दत्तात्रय गुरुजी म्हणजे संत्र्याच्या व्यापाऱ्याचं पोर. पेट्या भरायची हौस राहून गेली होती, ती त्यांनी शाळेत भागवली. शाळेला ‘हुशार मुलांचा वर्ग’ मंजूर करून घ्यायचा होता, आणि हुशार पोरं होती मूठभर. पेटीच्या वरच्या थरात निवडक संत्री लावतात, तशी गुरुजींनी त्यातली निम्मी पहिल्या बाकांवर मांडली. पारखी गिऱ्हाईक तळ उकरतंच, म्हणून निम्मी शेवटच्या बाकांवर. मध्ये सगळी भरताड.

तपासणीला आल्या वंदनाबाई. माहेर नेमकं मोहगावच्या संत्र्याच्या बगीच्यातलं! बाईंनी ना पुढं पाहिलं ना मागं, सरळ मधल्या हेमराजला उठवलं.

“सांग बाळा, सात आठे किती?”

“मले काहून विचारून राहिल्या, बाई? पुढच्याले विचारा, नाहीतं मागच्याले. आमी तं पेटीतलं तणस! गुरुजी म्हणे, हुशार पोरं दबू नये म्हणून भरलं.”

गुरुजींचा चेहरा सालीसारखा पिवळा पडला. बाई मात्र हसून हसून खुर्चीत कोसळल्या.

“गुरुजी, पेटी कशी भरली हे ज्याले समजलं, तोच हुशार.”

वर्ग मंजूर झाला, पण एकट्या हेमराजचा. गुरुजी त्याला अजून सात आठेच शिकवून राहिले आहेत.