चांदीच्या पट्टीखालचा पाला

गुरुवारी सकाळी शिरूरच्या दवाखान्यात माझे वडील वारले. दुपारी आम्ही त्यांना न्हावऱ्याला घरी आणलं.

त्यांना सगळे आबा म्हणत, मीही. साखरेचा आजार जुना, तळपायांना काही कळत नव्हतं. चप्पल लागून अंगठ्याखाली जखम झाली, ती चिघळली, वास यायला लागला तेव्हा घरात कळलं. डॉक्टर म्हणाले, जंतू हाडापर्यंत गेले तर पाय काढावा लागेल. गोळ्या सुरू केल्या आणि जखमेवर चांदी असलेली पट्टी बसवली.

"चांदी म्हंता, आन् ही तर काळी हाय," आबा म्हणाले.

आई मागून म्हणाली, "मला कवा पैंजण केलं न्हाई. सोताच्या पायाला बघा कशी चांदी!"

नर्स हसली. मग तिने बजावलं, "आबा, जंतू मारायची पट्टी आहे ही. सोमवारी आम्हीच उघडू. तोवर हात लावायचा नाही."

"बरं," आबा म्हणाले.

त्यांचं अर्धं आयुष्य मेंढरांमागे गेलं. पुढे ऊस आला, कांदा आला, तरी दारात थोडी मेंढरं राहिलीच. मेंढराची जखम त्यांनी कधी झाकून ठेवली नाही. झाकली की आत अळ्या पडतात, असं ते सांगत. रोज उघडून बघायची आणि सीताफळाचा पाला वाटून भरायचा. वस्तीवरची माणसं त्यासाठी त्यांना बोलवायला येत. मेंढरं बहुतेक बरी होत.

सोमवारी नर्सने बँडेज सोडलं. काळी पट्टी जागेवर होती. ती उचलली तर खाली हिरवा लगदा.

"आबा, हे काय?"

"पाला हाय. रोज बदलतो. तुमची चांदी टाकली न्हाई, वरनं परत ठिवली."

"अहो, ती जखमेला टेकलेली पाहिजे. मध्ये पाला असल्यावर ती काय करणार?"

"पर दुखत न्हाई. म्हंजी उतार हाय न्हवं?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. नर्स खाली मान घालून लगदा धुऊन काढत होती. खालची दोन बोटं काळी पडलेली दिसली.

पाय काढायचं ठरलं. त्याआधीच ताप चढला, विष अंगात पसरलं. नंतर डॉक्टर म्हणाले, पट्टी नीट राहिली असती तरी पाय वाचलाच असता असं सांगता येत नाही. मी मान हलवली. ते वाक्य मी अजून अधूनमधून मनात म्हणून बघते.

मेंढरं चुलत्यांनी नेली. घरात आई आणि मी आहोत. पुढे बदलायला म्हणून आणलेली चांदीची एक जादा पट्टी फ्रिजवर पाकिटात तशीच आहे. आई धूळ पुसताना ती उचलते आणि परत तिथेच ठेवते.