अर्धी वाचलेली बातमी

दीड महिन्यापूर्वी सकाळी औशाहून शबानाचा फोन आला. "काका, अब्बा गेले. दुपारच्या नमाजनंतर माती हाय." एवढंच बोलली. मी गेलो, कबरीवर मूठभर माती टाकली आणि दिवेलागणीला लातूरला परतलो. तिच्यासमोर जायचं मात्र टाळलं. का टाळलं, ते सांगायला हे लिहितोय.

शबानाचे अब्बा, खलीलभाई, आमच्या कारखान्याचे मिस्त्री. 'आमच्या' म्हणतो, पण कागदावर तो माझ्या एकट्याचा. भूकंपानंतर औसा भागातल्या पडलेल्या गावांसाठी नवी घरं बांधली जात होती. मी डिप्लोमा करून घरी बसलो होतो. खलीलभाई नांदेडच्या एका वर्कशॉपमध्ये अर्धी उमर लेथवर लोखंड कातण्यात घालवून, ते बंद पडल्यावर गावी परतले होते. लोखंडी दारं-खिडक्यांचं काम मी मिळवलं, उभं त्यांनी केलं. नांदेडहून जुनं लेथ मशीन त्यांनीच पारखून आणलं, ट्रकमध्ये त्याच्या शेजारी बसून. "मशीन म्हातारं हाय भाऊ, पर खोटं न्हाई," म्हणाले.

घरांचं काम सरलं तसं पुण्याच्या एका कारखान्याचं काम मिळालं. आम्ही छोटे बुश, म्हणजे पोलादी पोकळ कड्या, आणि पिना करून द्यायचो. ते मोठ्या सुट्या भागांत बसून अमेरिकेतल्या मोटार कंपन्यांकडे जायचे. याचं खलीलभाईंना फार कौतुक. औशाच्या बसमध्ये शेजारी बसलेल्या माणसालाही सांगायचे, "आमचा बुश अमेरिकेत फिरून राहिला." जेवणाच्या सुट्टीत मी पेपर मोठ्यानं वाचायचो आणि अकरा जण डबे उघडून ऐकायचे. खलीलभाई उर्दू सराईत वाचत, मराठी अडखळत. त्यामुळे मी वाचीन ती बातमी.

मग एक दिवस पुण्याहून फोन आला. माल थांबवा, अमेरिकेत गाड्या खपेनात. दोन महिने मशीनं जवळजवळ बंद राहिली. पेपरात रोज तेच... तिथल्या बलाढ्य कंपन्या सरकारच्या दारात उभ्या होत्या आणि कामगारांवरचा खर्च झेपत नाही म्हणत होत्या. शेवटी सरकारनं पैसे दिले, कामगारांनीही आपल्या हक्काचं बरंच काही सोडलं. ही बातमी मी जरा जास्तच रंगवून वाचली. त्याच दुपारी खलीलभाईंना बाजूला घेतलं. पगार एक तृतीयांश कमी करावा लागेल म्हणालो. "तिथल्या कामगारांनी सोडलं म्हणून कारखाने वाचले, खलीलभाई. दिवस पालटले की सगळं पहिल्यासारखं करू. जबान देतो."

खलीलभाई म्हणाले, "जबान दिली न? मग बास. पोरास्नी मी सांगतो."

त्यांनी सांगितलं आणि सगळ्यांनी ऐकलं. माझं कुणी ऐकलं नसतं.

शबाना तेव्हा अकरावीत होती, लातूरला मेडिकलच्या क्लासला. माझा मुलगाही त्याच क्लासात. गावोगावची मुलं लातुरात येत होती आणि ज्याच्या घरावर गच्ची होती तो तिथं खोल्या काढत होता. दिवाळीनंतर मुलगा जेवताना सहज म्हणाला, "पप्पा, शबाना येत नाही आता. क्लास सोडला म्हणे." मी "हं" म्हणालो आणि भाजी वाढून घेतली. दुसऱ्या दिवशी खलीलभाईंना विचारायला हवं होतं. विचारलं असतं तर काहीतरी करावं लागलं असतं. त्यांनीही एका शब्दानं सांगितलं नाही.

दीड वर्षात काम परत आलं, पहिल्यापेक्षा जास्त. बँकेनंही तोवर माझे कर्जाचे हप्ते लांबवून दिले होते. ते मी कारखान्यात कुणाला सांगितलं नाही. नवं मशीन घेतलं, घरावर क्लासच्या मुलांना भाड्यानं द्यायला खोल्या काढल्या. नवे कामगार कमी पगारावरच घेतले. जुन्यांचा पगार पूर्ववत व्हायला आणखी तीन वर्षं गेली आणि मधल्या काळातलं कापलेलं मी कधीच दिलं नाही. दर दिवाळीला वाटायचं, या वेळी देऊ...

त्याच काळात एका रविवारी पेपरात वाचलं की अमेरिकेतल्या त्या कंपन्या सावरल्या आणि नफ्यातला वाटा कामगारांनाही मिळाला. सोमवारी तो पेपर मी कारखान्यात नेला नाही. आठवडाभरानं डबा खाता खाता खलीलभाईंनीच विचारलं, "भाऊ, त्या अमेरिकावाल्यांचं पुढं काय झालं वो?"

"चाललंय त्यांचं," मी म्हणालो.

"हाव का," म्हणाले आणि भाकरी मोडली.

पुढं डोळे साथ देईनात म्हणून त्यांनी काम सोडलं. मी शाल दिली, भाषण केलं. त्यानंतर मी औशाला दोनदाच गेलो.

मातीच्या दिवशी जे टाळलं, ते चाळिसाव्या दिवशीच्या दुआला टाळता आलं नाही. शबाना आता औशातच शाळेत शिकवते. तिनं चहा दिला. मी खिशातून पैशांचं पाकीट काढलं, हे अब्बांचं राहिलेलं आहे म्हणालो. तिनं हात लावला नाही. माझी लाज झाकावी म्हणूनच की काय, दुसरंच बोलायला लागली. "अब्बा कारखान्याचं लई बोलायचे. एकदा उर्दू पेपर घेऊन आले, इतके खूश! म्हणले, बेटा, अमेरिकेत कामगारास्नी त्यांचा वाटा मिळाला. आता आपले भाऊ पन आपल्या वाट्याचं सांगतील बघ. मी उद्या त्यास्नी इचारतो."

मी कप खाली ठेवला. निघताना ती दारापर्यंत आली. "काका, मी हे घेऊन काय करू? क्लासचं वय गेलं माझं. त्या वेळचे जे अजून तुमच्याकडं हायत, त्यास्नी द्या."

त्या वेळचे चारच उरलेत. परवा जेवणाच्या सुट्टीत त्यांच्यासमोर उभं राहून मी सगळं सांगितलं, बँकेचं, पेपरचं, शबानाचं. ज्याचं त्याचं हातात दिलं. त्यांनी घेतलं. कुणी रागावलं नाही, कुणी बरं झालं असंही म्हणालं नाही. सुट्टी संपली तसे उठून आपापल्या मशीनवर गेले.

खलीलभाईंची एक सवय होती. बुश तयार झाला की मापाला लावण्याआधी ते तो अंगठ्यात घालत, डोळे मिटून, कुठं खरखरतंय का ते जोखत, सावकाश फिरवत आणि मगच पेटीत टाकत. त्या चौघांनाही तीच सवय लागलीय. डोळे मिटलेले असले की ते माझ्याकडं पाहत नाहीत. तेवढ्या वेळात मी तिथून पुढं निघून जातो.