पायांपाशी सुटलेला फोटो

मंडळी, आज सावेडीत एका गिऱ्हाईकाचं लई ऐकून घेतलं. त्यांच्या हॉलसाठी मी दोन काचांच्या मधे त्यांच्या वारलेल्या वडिलांचा फोटो छापलेली फिल्म बसवून दिली होती. ती सुटली, आणि तीही नेमकी पायांपाशी.

कारण मला माहीत होतं. काचा जोडायच्या आधी हेच गिऱ्हाईक माझ्या कारखान्यात आले आणि फोटोतल्या पायांवर हात टेकवून नमस्कार केला. हाताचं तेल लागलं की फिल्म तिथं चिकटत नाही. ते गेल्यावर पुसायला हवं होतं. पण लेकाचा नमस्कार पुसायला माझा हात धजावला नाही.

आज तेच म्हणाले, "तुमच्यासाठी नुसती काच असंल, आमचे वडील हायेत ते."

मी काच उतरवली. नवीन करून देईन, पण काचा जोडून होईपर्यंत त्यांना कारखान्यात पाऊल ठेवू देणार नाही.

तुम्ही पुसला असता का हो तो नमस्कार?